पोर्टेबल डिटेक्टरमधलं एईसी कधी लवकर तोडतं, कधी उशिरा: कारण कुठे शोधायचं

नागपूरच्या धंतोलीतल्या एका आयसीयूमधून रात्री पावणेअकराला टेक्निशियन ताईंचा फोन आला. "दादा, पुन्हा दाणे येऊन राहिले. काल तुम्ही पाहून गेले तेव्हा तर बरोबर होतं न." पेशंट त्याच, व्हेंटिलेटरवरच्या आजी. बेड तोच, मशीन तेच, ८५ केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज), १०० एमए (ट्यूबचा करंट), एईसी, म्हणजे किरण पुरेसे झाले की एक्स्पोजर आपोआप तोडणारी सोय, चालू. मी त्यांना मागचे तीन चेस्ट उघडून प्रत्येकाचा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे प्लेटपर्यंत किती किरण पोहोचले तो आकडा, वाचायला सांगितला. काल सकाळचा २४०, काल संध्याकाळचा ५१०, आज रात्रीचा ९०. त्या प्लेटला, म्हणजे डिटेक्टरला, आम्ही टार्गेट दिलंय २५०.

तक्रार आली ती फक्त ९० ची. ५१० चा फोटो सगळ्यांना आवडला होता, राउंडला तोच दाखवला गेला. ही गोष्ट मला फार लागते, म्हणून आधी तीच सांगतो. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी यायची आणि टेक्निशियनला तिथल्या तिथे कळायचं. डीआरमध्ये, म्हणजे डिजिटल प्लेटवर, सॉफ्टवेअर उजेड-काळोख स्वतःच जुळवून घेतं. डोस कमी पडला तर दाणे दिसतात, दुप्पट गेला तर फोटो उलट आणखी स्वच्छ दिसतो. म्हणजे पेशंटला जे जास्तीचं गेलं त्याची तक्रार कधी येतच नाही. ज्या आजींचे रोज पोर्टेबल निघतात, त्यांच्या बाबतीत हे चालवून घेणं बरोबर नाही. म्हणून एईसीची तक्रार आली की दाण्यांचा एक फोटो बघून निघू नका. त्या प्लेटचे मागचे पंधरा-वीस इंडेक्स तारखेसकट, वेळेसकट एका कागदावर उतरवा. अर्धं निदान तिथेच होतं.

इंडेक्स वाचायची पद्धत थोडक्यात. आयईसी ६२४९४-१ हे मानक २००८ मध्ये आलं. त्यानुसार इंडेक्स २५० म्हणजे प्लेटपर्यंत साधारण २.५ मायक्रोग्रे पोहोचले. इंडेक्सला टार्गेटने भागा, १० च्या पायाचा लॉग घ्या, १० ने गुणा, की डेव्हिएशन इंडेक्स मिळतो. शून्य म्हणजे बरोबर, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. आजींचे तीन आकडे या हिशेबात उणे ०.२, अधिक ३.१ आणि उणे ४.४ येतात. एकाच छातीला दीड दिवसात हे तिन्ही.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या टीमसोबत काम करतो. मोबाइल एक्स-रे मशीनला वायरलेस प्लेट जोडणं आणि प्लेटमधल्या एईसीची जनरेटरशी गाठ घालून देणं हे आमचं रोजचं काम. या कामात एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "आज बरोबर, उद्या बिघडलं." बहुतेक जण तिच्यावर एकच उपाय करतात, गेन कॅलिब्रेशन, म्हणजे प्लेटच्या सगळ्या पिक्सेलचा प्रतिसाद एकसारखा करून घेणं. आदल्या दुपारी मीही तिथे तेच करून आलो होतो. त्याने काही झालं नाही, कारण चूक तिथे नव्हतीच.

आणखी एक घोळ आधी मिटवून घेऊ. माहितीपत्रकात 'ऑटो' दिसलं की अनेकांना वाटतं प्लेटमध्ये एईसी आहे. पुष्कळ वेळा ते एईडी असतं. एईडी म्हणजे किरण सुरू झाले हे प्लेटला आपोआप कळणं, म्हणजे जनरेटरची वायर न जोडताही ती फोटो घ्यायला लागते. एक्स्पोजर कधी थांबवायचं याच्याशी एईडीचा काही संबंध नाही. एईसी थांबवतं. प्लेटकडून जनरेटरकडे 'बस' असा निरोप जाण्याची वाट नसेल, तर ते एईसी नाही. अशा ठिकाणी पुढचं वाचून उपयोग होणार नाही.

एक्स-रे रूममधल्या बकीत, म्हणजे प्लेट धरणाऱ्या पक्क्या स्टँडमध्ये, एईसी म्हणजे पेशंट आणि प्लेट यांच्या मध्ये बसवलेले, किरण मोजणारे आयन चेंबर, बहुधा तीन. त्यांची जागा ठरलेली, ट्यूबचं अंतर ठरलेलं, पेशंट त्यांच्यासमोर नीट उभा. आयसीयूत यातलं काही नसतं. प्लेट चादरीखाली, ट्यूब कधी १०० सेंटिमीटरवर तर कधी १२० वर. एवढ्या फरकानेच प्लेटवरचा डोस १.४४ पट बदलतो. एईसीची खरी गरज याच ठिकाणी आहे, आणि ते बसवायला सगळ्यात अवघडही इथेच, कारण पंधरा-सोळा मिलिमीटर जाडीच्या प्लेटमध्ये आयन चेंबरला जागा नसते. मोजणारी वस्तू प्लेटच्या आतच असावी लागते. कोणी फोटोडायोडना व्होल्टेज पुरवणाऱ्या सामाईक बायस लाइनमधला करंट मोजतात. कोणी पिक्सेलच्या जाळीतच काही पिक्सेल फक्त मोजण्यासाठी राखून ठेवतात, म्हणजे त्यांचा टीएफटी (ट्रान्झिस्टर) स्विच कायम चालू आणि एक्स्पोजर चालू असतानाच त्यांचा चार्ज वाहत येतो. कोणी काचेच्या मागे वेगळे पातळ सेन्सर लावतात. तुमच्या प्लेटमध्ये यातलं काय आहे ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी बघून घ्या. बायस करंटवाल्या प्लेटला अख्ख्या प्लेटची सरासरी कळते, कुठे काय पडलं ते कळत नाही. पुढचा निम्मा त्रास त्यातूनच निघतो.

सगळ्यात आधी बॅकअप

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा आजींचा चेस्ट व्हायला वेळ होता. मशीन एका रिकाम्या खोलीत घेतलं. पहिलं काम नेहमी हेच: प्लेटवर लेड एप्रन दुहेरी घडी करून ठेवायचा, कोलिमेटर (किरणांचं क्षेत्र आवळणारी खिडकी) लहान करायचा, खोलीत कोणी नाही हे बघायचं, स्वतः एप्रन घालून दोन मीटरच्या कॉर्डच्या टोकाला जायचं आणि एईसी चालू ठेवून एक एक्स्पोजर द्यायचं. प्लेटला काही दिसत नाही म्हणून ती 'बस' म्हणत नाही. जनरेटरने स्वतःच्या बॅकअपवर, म्हणजे निरोप आला नाही तरी जिथे तोडायचं त्या मर्यादेवर, थांबायलाच हवं. किती एमएएसवर (एमए गुणिले सेकंद) थांबलं तो आकडा लिहून घ्या.

तिथे तो २० आला. कोणीतरी पोटाच्या तक्त्यातला आकडा चेस्टलाही लावून ठेवला होता. आयसीयूतल्या मोठ्या माणसाचा चेस्ट त्या मशीनवर साधारण २ एमएएसमध्ये होतो. बॅकअप अपेक्षेच्या दीडपट ठेवायचा, म्हणजे ३. तेवढा असता तर त्या संध्याकाळचा इंडेक्स ३७५ च्या पुढे गेलाच नसता. मूळ बिघाड तसाच राहिला असता, पण आजींना दुप्पट गेलं नसतं.

बॅकअपवर जनरेटर थांबतच नसेल तर काम तिथेच बंद करा. एईसी बंद, मॅन्युअल चालू, आणि कंपनीला फोन. जनरेटरच्या सर्किटमध्ये आपण हात घालायचा नाही. आपल्याकडे एक्स-रे मशीनला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) टाइप मान्यता असते, ती त्या मशीनच्या मूळ रूपाला असते.

मोकळा पडलेला झोन

उणे ४.४ चं कारण इथे सापडलं. त्या प्लेटमध्ये मोजणारे पाच झोन आहेत: वर दोन, खाली दोन, मध्ये एक. सर्व्हिस मोडमध्ये प्रत्येक एक्स्पोजरची झोनवार नोंद निघते. रात्रीच्या एक्स्पोजरची नोंद उघडली तर वरचा एक झोन २ मिलिसेकंदांतच भरला होता. बाकीचे चार तोवर दहाव्या हिश्श्यालाही पोहोचले नव्हते. तोडण्याचा निरोप जायला ५ मिलिसेकंद लागले, ७ व्या मिलिसेकंदाला एक्स्पोजर तुटलं. १०० एमएवर ते होतात ०.७ एमएएस. हवे होते २. ९० चा हिशेब जुळला.

मी ताईंना विचारलं, "काल रात्री प्लेट नेहमीसारखीच ठेवली होती का?"

"हो न, तशीच. पण आजी जराशा सरकल्या होत्या खाली, एका बाजूला. मावशी नव्हत्या, तर मी एकटीनेच सरकवली प्लेट."

आजी अंगाने अगदी बारीक. खांद्याच्या बाहेर, बगलेच्या वर, प्लेटचा एक कोपरा उघडा राहिला आणि त्यावर किरण थेट पडले. छातीतून पार होऊन मूळच्या साधारण १० टक्के किरण प्लेटपर्यंत येतात. म्हणजे मोकळा झोन छातीखालच्या झोनपेक्षा दहापट वेगाने भरणार. प्लेटचं सेटिंग होतं 'जो आधी भरेल तो तोडेल'. मोकळ्या कोपऱ्याने निर्णय घेऊन टाकला.

यात ताईंची काही चूक नाही, हे मी तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. रात्रीच्या ड्युटीला एकट्या बाईने व्हेंटिलेटरच्या नळ्या सांभाळत, पेशंटला न दुखवता, प्लेट सेंटिमीटरच्या हिशेबात बसवावी अशी अपेक्षा मशीनने करूच नये. पोर्टेबलचं एईसी वाकड्या प्लेटवरही निभावलं पाहिजे.

सेटिंग असं बदललं. पाचही झोन मोजायचे, त्यातली मधली किंमत घ्यायची. एखादा झोन मधल्या किमतीच्या चौपटीहून जास्त वेगाने भरत असेल तर तो मोकळा समजून सोडून द्यायचा. फुप्फुस आणि मधला भाग यांच्यात फरक असतोच, त्यामुळे दुपटीवर छाटणी लावू नका, नाहीतर चांगला फुप्फुसाचा झोनच बाहेर जाईल. पाचातले तीन झोन मोकळे पडले तर मधली किंमतच खोटी ठरते, तेव्हा एईसीने स्वतः काही ठरवू नये, मॅन्युअलच्या तक्त्यातल्या एमएएसवर एक्स्पोजर पूर्ण करावं आणि स्क्रीनवर तसं स्पष्ट दाखवावं. बायस करंटवाल्या प्लेटमध्ये झोनच नसतात, तिथे ही छाटणी शक्य नाही. तिथे उपाय एकच, कोलिमेटर अंगाच्या आत ठेवणं. तो पेशंटसाठी एरवीही चांगलाच आहे. पण त्या तत्त्वावरची प्लेट एईसीसाठी घेऊ नका असंच मी विचारणाऱ्याला सांगतो.

प्लेट कोणत्या बाजूने आहे?

चेस्टला साधारण वरचे दोन झोन धरतात. पण १४ बाय १७ ची प्लेट कधी उभी जाते, कधी आडवी, आणि घाईत १८० अंशांत उलटीही जाते. उलटी गेली की वरचे झोन पोटाखाली येतात. पोटातून अर्धा टक्का वगैरे किरण पार होतात, झोन भरतच नाही, आणि एक्स्पोजर बॅकअपपर्यंत जातं. फोटो सॉफ्टवेअरमध्ये फिरवून सरळ दिसतो, त्यामुळे मागून कोणाला पत्ता लागत नाही. इंडेक्स एकदम वर आणि एमएएस बरोबर बॅकअपच्या आकड्यावर थांबलेला, अशी जोडी नोंदीत दिसली की हेच कारण आधी धरा.

यावर बरेच जण सांगतात की प्लेटमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर आहेच, तो दिशा ओळखेल. मीही सुरुवातीला त्याच्यावर विसंबून होतो. तो गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, आणि प्लेट सपाट आडवी पडली की गुरुत्वाकर्षण प्लेटच्या पाठीतून सरळ खाली जातं. मग ती तुम्ही टेबलावर कशीही फिरवा, त्याचं वाचन बदलत नाही. स्वतः करून बघा: मोबाइल टेबलावर सपाट ठेवा आणि जागच्या जागी गोल फिरवा, स्क्रीन फिरणार नाही. बेडचा डोक्याकडचा भाग तीस-चाळीस अंश उचललेला असेल तर प्लेट कलते आणि अ‍ॅक्सिलरोमीटर बरोबर सांगतो. पेशंट सपाट झोपलेला असेल तर तो काहीच सांगू शकत नाही, आणि काही अतिशय सीरियस पेशंट तसेच झोपलेले असतात.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, झोन असे निवडले की प्लेट उलटली तरी मांडणी तीच राहावी. पाचही मोजून मधली किंमत घेतली की वर-खालीचा प्रश्न बराच सुटतो. दोन, प्लेटच्या हँडलजवळ लाल रंगाचा रुंद टेप लावला आणि ताईंच्या टीमला सांगितलं, लाल नेहमी डोक्याकडे. टेपचा उपाय साधा आहे, पण प्लेटला सॅनिटायझरने दिवसातून दहा वेळा पुसतात. साधा टेप चार दिवसांत सुटतो आणि त्याचा गोंद चादरीला चिकटतो. मेडिकल साहित्याला चालेल असाच घ्या, आणि कडेला लावा, किरण पडणाऱ्या पृष्ठभागावर नको.

उशिरा पोहोचलेला निरोप

आता ५१०. रात्रीचं कारण सापडल्यावर प्रकरण संपलं असं समजून निघालो असतो तर आठ दिवसांनी पुन्हा फोन आला असता. लवकर तोडणं आणि उशिरा तोडणं यांची कारणं वेगळी असतात, हे या कामात पक्कं लक्षात ठेवा.

उशीर ओळखायची परीक्षा सोपी आहे. कोलिमेटरच्या तोंडाशी २१ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावा. त्या वर्कशॉपमधून कापून आणता येतात, पण शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मागा, मिश्रधातू नको. ७० केव्ही, मधे पेशंट नाही, काही नाही. एईसी चालू ठेवून २५, ५० आणि १०० एमएवर प्रत्येकी पाच एक्स्पोजर द्या आणि मशीनवरचे एमएएस लिहा. तिन्हीकडे प्लेटला तेवढेच किरण हवेत, म्हणजे एमएएस सारखे यायला हवेत. आमचे आले सरासरी २.३, २.६ आणि ३.२. एमए वाढवला की जास्तीचं एमएएस त्याच प्रमाणात वाढतंय. उशीर नसता तर तिन्हीकडे २.० आले असते. त्यावरचं जास्तीचं एमएएस भागिले एमए म्हणजे उशीर: १.२ भागिले १००, बारा मिलिसेकंद. सेन्सर चुकीचं मोजत असता तर जास्तीचं तिन्हीकडे सारखं राहिलं असतं. हे तीन आकडे समोर आले की सेन्सरवर संशय घेण्यात वेळ जात नाही.

बारा ही सरासरी झाली. सुटे आकडे बघितले तर एखादा सहा, एखादा वीसच्या वर. ती वेळ होती संध्याकाळी पाचची, नातेवाइकांच्या भेटीची. कॉरिडॉर माणसांनी भरलेला, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. आमची प्लेट मशीनवरच्या स्वतःच्या अ‍ॅक्सेस पॉइंटऐवजी हॉस्पिटलच्या वाय-फायवर होती. फोटो थेट पॅक्सला, म्हणजे हॉस्पिटलच्या फोटो साठवण्याच्या यंत्रणेला, जावेत म्हणून कोणीतरी सोयीसाठी ती तशी जोडली होती. फोटो जायला एक सेकंद जास्त लागला तर कोणाचं बिघडत नाही. 'बस' हा निरोप मात्र वीस मिलिसेकंद उशिरा पोहोचला की १०० एमएवर २ एमएएस जास्तीचे जातात. आजींच्या ५१० चा उशीर मोजला तर २१ मिलिसेकंद निघतो.

प्लेट मशीनच्या स्वतःच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर परत आणली, ५ गिगाहर्ट्झवर, आणि त्या पॉइंटवर दुसरं काहीही जोडायचं नाही असं लिहून ठेवलं. पाच वाजताच परीक्षा पुन्हा घेतली: १०० एमएवर २.४ ते २.५. म्हणजे उशीर अजूनही ४-५ मिलिसेकंद आहे, पण एकसारखा आहे. एकसारखा उशीर हिशेबात धरता येतो, बदलता धरता येत नाही. प्लेट पहिल्या काही मिलिसेकंदांत भरण्याचा वेग मोजते आणि 'आत्ता तोड' असं न सांगता 'सुरुवातीपासून अमुक मिलिसेकंदाला तोड' असं आधीच कळवते. त्यासाठी प्लेट आणि जनरेटर दोघांची घड्याळं जुळलेली लागतात. तुमच्या प्लेटमध्ये ही सोय असेल तर ती चालू आहे का बघा, बसवणारा बहुधा तिच्याकडे वळतच नाही.

सोबत एमए १०० वरून ५० वर आणला. २ एमएएसचं एक्स्पोजर २० ऐवजी ४० मिलिसेकंदांचं झालं आणि उशिराचा वाटा अर्ध्यावर आला. व्हेंटिलेटरवरच्या चेस्टला ४० मिलिसेकंद चालतात, हालल्याची खूण दिसत नाही. शक्य तिथे मी तरीही वायर लावतो. ऑप्टिकल आयसोलेशनवाली सिंक केबल असेल आणि टेक्निशियनची हरकत नसेल तर वाय-फायचा प्रश्नच उरत नाही. केबल बेडच्या चाकाखाली येते ही ताईंची तक्रार मात्र खरी होती, म्हणून तिथे लावली नाही.

उमरेडकडचा मे महिना

हे त्या आयसीयूतलं नाही, पण नागपूरकरांना सांगितलंच पाहिजे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. बहुतेक प्लेटची मर्यादा ३५ अंशांची असते. उमरेडच्या बाजूला खाण कामगारांच्या छातीच्या तपासणीचं शिबिर होतं. छोटं बॅटरीवरचं मशीन, १० एमए, प्लेट स्टँडला. सकाळी आठला इंडेक्स २५०, दुपारी बाराला १६०, जेवणानंतर त्याहून खाली. मंडपात माणसं रांगेत उभी, कूलर चालू, आणि दर चौथा फोटो रिपीट. दिवसाची मजुरी सोडून आलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा उभं करणं मला बघवत नव्हतं.

एक्स्पोजर न देता प्लेटचं मोजमाप अर्धा सेकंद चालू ठेवलं. झोन शून्यावर राहायला हवेत. ते आपोआप भरत होते. उष्णतेने फोटोडायोडची गळती वाढते आणि अ‍ॅम्प्लिफायरचं शून्यही जागेवरून सरकतं. प्लेटने सकाळच्या गारव्यात घेतलेलं शून्य दिवसभर तेच धरलं होतं. शिवाय १० एमएवर २ एमएएस म्हणजे २०० मिलिसेकंद, तेवढा वेळ हे खोटं भरणं साठत राहतं. म्हणजे उशिरावर जो उपाय, एमए कमी करणं, तोच उन्हात उलटा पडतो. एमए ठरवताना दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

उपाय: शून्य रोज एकदा न घेता दर एक्स्पोजरच्या आधी, प्रेप (तयारीचं बटण) दाबल्यावर ट्यूब तयार होत असते त्या सेकंदात घ्यायचं, आणि नुसता आकडा न घेता त्याची चढणही मोजून वजा करायची. हे सॉफ्टवेअरमधून झालं. बाकी काळजी हाताने: प्लेट बंद गाडीत ठेवायची नाही, दोन प्लेट आलटून पालटून वापरायच्या, आणि मधल्या वेळेत प्लेट सावलीत, साध्या पंख्याखाली. कूलरच्या समोर नाही. कूलरची हवा गार असते पण ओली असते, आणि ओलावा प्लेटच्या आत गेला तर बिघाड महागात पडतो. एसीतून काढलेली गार प्लेट पावसाळी दमट हवेत लगेच वापरली तर तिच्यावर दव धरतं, तिला अर्धा तास द्या.

उरलेलं झटपट

ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी, वाकडी बसली की ती सरळ आलेले किरणही अडवते, एईसी भरपाई म्हणून जास्त वेळ देतं, इंडेक्स बरोबर दिसतो आणि पेशंटला जास्त जातं. म्हणून इंडेक्ससोबत एमएएसही बघायची सवय ठेवा. पेसमेकर किंवा धातूची वस्तू झोनवर आली तरी एईसी जास्त वेळ देतं. जड एक्स्पोजरनंतर लगेच दुसरं दिलं तर आधीच्याचा अवशेष झोनमध्ये राहतो, थोडा वेळ जाऊ द्या. मागचे सेन्सर असलेल्या प्लेटला बेडच्या लोखंडी पट्टीवरून परत फिरणारे किरणही मोजले जातात. तसा संशय आला तर प्लेटखाली लेडचा पातळ तुकडा ठेवून एकदा तुलना करा.

नवजात बाळांच्या विभागात एईसी बंद ठेवा. लॉक करून बंद ठेवा, टेक्निशियनच्या आठवणीवर सोडू नका. बाळ झोनपेक्षा लहान असतं, प्लेट कधी इनक्युबेटरच्या खालच्या ट्रेमध्ये असते, पाचातला एखादाच झोन अंगाखाली येतो. तिथे वजनानुसार केव्ही आणि एमएएसचा तक्ता भिंतीवर लावलेला असावा आणि तोच पाळला जावा. बाळासाठी तेवढं तरी आपण नीट करू शकतो.

दुरुस्तीनंतर त्याच अ‍ॅल्युमिनियमवर दहा एक्स्पोजर द्या, एमएएस आणि इंडेक्स लिहा, कागदाला मशीनच्या फाइलमध्ये जागा द्या. एईआरबीचं क्यूए (गुणवत्ता तपासणी) दर दोन वर्षांनी होतं, शिवाय किरणांच्या सुरक्षेशी संबंध येईल अशी दुरुस्ती झाली तर पुन्हाही करावं लागतं. तेव्हा हा कागद कामी येतो. आम्हाला विचारायचं असेल तर फोटो पाठवू नका. झोनची नोंद, केव्ही, एमए, एमएएस, प्लेटचं आतलं तापमान, प्लेट कोणत्या नेटवर्कवर आहे आणि पेशंट सपाट होता की टेकून बसलेला, एवढं पाठवा.

आजींचे पुढचे चार चेस्ट उणे ०.४, अधिक ०.३, उणे ०.६ आणि अधिक ०.१ आले. एमएएस १.८ ते २.२ च्या मधे. ताईंनी ते आकडे स्वतःहून वहीत लिहायला घेतलेत, तारीख आणि बेड नंबरसकट.

कामठी रोडवरच्या एका ठिकाणी मात्र एईसी अजून बंदच आहे. तिथलं मशीन जुनं कॅपॅसिटर डिस्चार्जचं, म्हणजे कॅपॅसिटरमध्ये साठवलेल्या चार्जवर चालणारं, दर एमएएसला जवळजवळ एक केव्ही खाली येतो. पहिल्या मिलिसेकंदांतला वेग बघून पुढचं सांगायला गेलं की दर वेळी अंदाज चुकतो, आणि जाड पेशंटला तो सगळ्यात जास्त चुकतो. केव्हीची घसरण धरून वेगळा हिशेब बसवायचं चालू आहे. तोवर तिथे भिंतीवर मॅन्युअलचा तक्ता लावून दिला आहे, ट्यूबचं अंतर मोजायची टेप मशीनच्या दांड्याला बांधली आहे.